कमी डोस म्हणजे गरिबांचा डोस?



गेल्या शनिवारी पाया लेबारच्या फूड कोर्टात आमचा नेहमीचा कंपू जमला होता. एकाच्या लातूरच्या मामांना तोंडाचा कॅन्सर आहे. निव्होलुमॅबचा पूर्ण डोस परवडणार नाही, २० मिलिग्रॅम देऊन पाहू, असे तिथल्या डॉक्टरांनी सुचवले आहे. मित्र चिडून म्हणाला, "म्हणजे श्रीमंताला औषध आणि गरिबाला तीर्थ!"

त्याचा राग रास्त आहे. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले, बाकीच्यांना नुसती तोंडी औषधे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांऐवजी ४३.४ टक्के झाले. तीर्थाने एवढे होत नाही! पण २० आणि २४० सारखेच, हे यातून सिद्ध होत नाही. ती तुलना झालीच नव्हती.

तशी तुलना इथे सिंगापुरात झाली, दुसऱ्या औषधाची. नॅशनल युनिव्हर्सिटी कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ११४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पेम्ब्रोलिझुमॅब १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत आणि २०० घेणाऱ्यांत ठळक फरक आढळला नाही. मात्र 'फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' असे नव्हे. रुग्ण थोडे असले की नेहमीचे संख्याशास्त्र इथेच थांबते, आणि आपण महागडा डोस चालू ठेवतो.

बेजच्या पद्धतीत थेट प्रश्न विचारता येतो: पूर्ण डोसचा निदान ९० टक्के फायदा कमी डोसात मिळण्याची शक्यता किती? त्यासाठी आधीची माहिती हिशेबात घ्यावी लागते. आमटीत मीठ घालणारी बाई कोऱ्या मनाने घालत नाही. अंदाजाने घालते, चव बघते, अंदाज सुधारते. निव्होलुमॅबच्या पहिल्या चाचण्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते १० मिलिग्रॅमपर्यंत झाल्या. अगदी कमी डोसातही रक्तातल्या पेशींवरची औषधाची लक्ष्ये बहुतांशी व्यापली जात होती. म्हणजे डोस वाढवला की परिणामाचा आलेख लवकर चढतो आणि मग सपाट होतो, असे मानायला आधार आहे. हा झाला पूर्व-अंदाज. नव्या रुग्णांचे आकडे तो दुरुस्त करतात.

"मग पूर्वग्रहच की हा!" असे आपल्यातले विवेकवादी म्हणतील. म्हणूनच तो आधी जाहीर करावा आणि संशयी माणसाचा पूर्व-अंदाज धरूनही गणित करावे. उत्तर उलटले तर पुरावा अपुरा आहे. पण 'जास्त डोस तोच खरा' हाही पूर्वग्रहच आहे, फक्त तो कुणी लिहून दाखवत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केला. सोसेल तेवढा मोठा डोस देण्याऐवजी योग्य डोस आधी शोधा, असा त्याचा आग्रह आहे. पण बाजारात आलेल्या औषधाचा डोस घटवण्यात कंपनीला काय रस? ते काम सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संस्थांनीच करायला हवे, आणि आपण त्यासाठी आवाज उठवायला हवा.

मित्राला मी एवढेच सांगितले: डोस आपल्या मनाने ठरवू नका, पण मामांची फसवणूक होते आहे असेही समजू नका.

आपली मते जरूर कळवा.