अ‍ॅम्प साधाच बरा!

मेटल वाजवायचं म्हणून हाय-गेन पेडल घेतलंत, जॅमरूममधल्या आधीच गुरगुरणाऱ्या अ‍ॅम्पला लावलंत आणि रिफचा पार चिखल झाला? मी दोन सेमिस्टर हेच केलं आणि पेडललाच शिव्या घातल्या. खरं तर पेडल सिग्नल फाडूनच पुढे पाठवतं. अ‍ॅम्पच्या ट्यूब्जनी तो पुन्हा फाडला, की सूर वेगळे ऐकूच येत नाहीत. म्हणून ट्यूब अ‍ॅम्प असा हवा, जो मोठ्या आवाजातही क्लीन राहील. यालाच हेडरूम म्हणतात. फेंडरचा २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब हळू आवाजात गोड वाटतो, पण ड्रमरने जोर लावला की त्याला गाठता गाठता तोच फाटतो. ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब ढिम्म हलत नाही. फक्त वजन २९ किलो! संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये चढवून दाखवा. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: कॉलेजात असेपर्यंत ट्विन विकत घेऊ नका. पैसे चांगल्या पेडलवर घाला आणि अंधेरी असो की मुलुंड, जॅमरूम बुक करताना तासाचा रेट नंतर विचारा. आधी विचारा, ड्रम्स सुरू असताना तुमच्या अ‍ॅम्पचा क्लीन चॅनल क्लीन राहतो का?