अदमासाची आणेवारी

दशांशचिन्ह धारण करून येणाऱ्या कोणत्याही भाकिताविषयी माझ्या मनात जो अविश्वास आहे, त्याचा परिचय या सदराच्या वाचकांना पावसाच्या अंदाजावरील माझ्या जुन्या तक्रारींपासून झालेलाच आहे. परंतु या आठवड्यात आमच्या मयलापूरच्या इमारतीतील समोरच्या मामींनी जो कागद माझ्यापुढे ठेवला, त्याने या अविश्वासाला अनपेक्षित बळकटी आणली. मामींच्या बारावीतील मुलाला अमेरिकेस धाडण्याचा घाट घातला गेला असून, त्यासाठी नेमलेल्या एका सल्लागाराने आठ विद्यापीठांची यादी करून प्रत्येकापुढे चिरंजीवांच्या प्रवेशाची शक्यता मांडली होती: एके ठिकाणी 11.4 टक्के, दुसऱ्या ठिकाणी 23.7, याप्रमाणे. "सार, तुम्ही ऑडिटात होता ना, हे आकडे बरोबर आहेत का तेवढं बघून सांगा," असे मामी म्हणाल्या.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी, की हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड येथे अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम चौघांना प्रवेश मिळतो. मुलाला अड्यार नदीपलीकडच्या आयआयटीत जायचे असते, तर अदमास सोपा होता, कारण कोणती शाखा गतवर्षी कितव्या क्रमांकावर बंद झाली हे तेथे अधिकृतपणेच जाहीर होते. आणि तामिळनाडूच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना तर 2007 पासून प्रवेशपरीक्षाच नसल्यामुळे, बारावीचे गणित शंभरांपैकी आणि भौतिक व रसायन प्रत्येकी पन्नासांपैकी धरून निघणारा दोनशेंचा कटऑफ येथील कोणतीही आई तोंडी काढते. अमेरिकेत मात्र निबंध, शिफारसपत्रे आणि स्वभावही तोलला जातो. हार्वर्डविरुद्ध 2018 साली बोस्टनच्या न्यायालयात चाललेल्या खटल्यात असे पुढे आले, की तेथे अर्जदाराच्या व्यक्तिमत्त्वालाही श्रेणी देतात आणि आशियाई वंशाच्या अर्जदारांना ती सरासरीने कमी पडत असे.

ज्या मुलाच्या व्यक्तिमत्त्वाचा थांग अद्याप त्याच्या जन्मदात्रीला लागलेला नाही, त्याचे मोल सातासमुद्रापलीकडील अपरिचित परीक्षक काय करतील, हे दशांशापर्यंत सांगणाऱ्या गृहस्थाच्या आत्मविश्वासापुढे मी प्रथम नतमस्तक झालो. मुलगा जाईल तर संपूर्ण जाईल आणि राहील तर संपूर्ण राहील. परंतु तो गेला तर सल्लागार म्हणणार की अकरा टक्के होतेच, आणि राहिला तर म्हणणार की एकोणनव्वद टक्क्यांची कल्पना मी आधीच दिली होती. कोणत्याही निकालाने खोटा न पडणारा ताळेबंद आमच्या कचेरीत एखाद्या कारकुनाने सादर केला असता, तर त्याच्यावर शेऱ्यांचा पाऊस पडला असता.

तथापि जुनी सवय सुटत नाही. मी मामींना विचारले, याआधीचा काही कागद आहे काय? तो निघाला. पहिल्या भेटीच्या दिवशी त्याच सल्लागाराने, त्याच मुलाच्या त्याच गुणांवरून, त्याच आठ विद्यापीठांपुढे जे आकडे लिहिले होते, ते आताच्या आकड्यांच्या निम्मेही नव्हते. दोन्ही कागदांची रुजुवात घालता मध्यंतरी घडलेली एकच उल्लेखनीय घटना आढळली, ती म्हणजे फीचा पहिला हप्ता पोचला होता.

तेव्हा मला महसूल खात्यातील पिकांच्या आणेवारीचे स्मरण झाले. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्यापैकी यंदा किती आणे आले याचा अदमास शेताच्या बांधावर उभे राहून सरकारी अंमलदार करीत, आणि 1918 च्या खेडा सत्याग्रहाचे मूळ याच अदमासात होते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब ठेवण्याचा नियम होता. रयत सांगे की पीक चार आण्यांच्या आत आहे, आणि अंमलदार सांगत की वर आहे. पीक एकच, शेत एकच. परंतु पाहणाऱ्यांपैकी एकाला सारा घ्यायचा होता आणि दुसऱ्याला तो द्यायचा होता. सल्लागाराची आणेवारी याहून एक पायरी पुढे गेलेली आहे, कारण तो स्वतःच कधी कमी आणे सांगून भय घालतो आणि कधी अधिक सांगून धीर देतो, आणि वसुली दोन्ही प्रसंगी होते. ज्याच्या हाती वसुली आहे त्याच्या हाती आणेवारी देऊ नये, एवढाच माझा शेरा मी मामींच्या कागदावर लिहून दिला.

या ठिकाणी मामांनी रामानुजन यांचे नाव काढले, कारण मद्रासेत शिक्षणाची गोष्ट निघाली की एफ. ए. कधीच उत्तीर्ण न होता 1914 साली केंब्रिजला गेलेल्या त्या थोर पुरुषाचे नाव कोणीतरी काढतेच. ते संपल्यावर मामांनी माझ्या पुढ्यात आणखी एक कागद सरकवला. त्यांच्या पुतणीने गतवर्षी राज्यातील अभियांत्रिकीसाठी अर्ज केला होता, आणि सरकारने तिला दहा अंकी एक संख्या बहाल केली होती. ही 'रँडम नंबर' नावाची संस्था वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. दोघांचा कटऑफ समान, विषयांचे गुण समान, दहावीचे गुण समान आणि जन्मतारीखही समान निघाली, तर यंत्राने स्वैर काढलेल्या या संख्या पाहतात, आणि ज्याची मोठी त्याला जागा. सर्व मोजमापे संपल्यानंतर उरते ते दैव, हे जाबत्यात नमूद करण्याइतका प्रामाणिकपणा एखादे सरकारी खाते दाखवील, असे मला सेवेत असताना वाटले नव्हते. ही संख्या भय घालीत नाही, धीर देत नाही आणि तिच्या वाढीचा कोणत्याही हप्त्याशी संबंध नाही. हजारो पात्र अर्जांपुढे हतबुद्ध होणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांनीही अखेरच्या निवडीसाठी हिचाच अवलंब करावा, आणि निबंध लिहिण्याचा व लिहवून घेण्याचा खर्च वाचवावा, अशी सूचना मी तेथल्या तेथे मांडली.

मामांना ती पटलेली दिसली नाही. त्यांनी ती संख्या हाती पडली त्याच दिवशी तिच्या दहाही अंकांची बेरीज केली होती, पुन्हा त्या बेरजेची बेरीज केली होती, आणि शेवटी नऊ उरल्यामुळे, "नऊ म्हणजे उत्तम योग, सार," असे ते मला समजावून सांगत होते. त्यांनी याबद्दल फी मात्र मागितली नाही.