चिठ्ठी यंत्रासाठीही स्पष्टच हवी

व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळातील गोष्ट. दहा किलो वजनाच्या एका तापलेल्या बाळासाठी मी चिठ्ठीवर ‘पॅरासिटामॉल, ५ मिली’ एवढेच लिहिले. माझ्या मनात सिरप होते. त्याच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध. घरात होते ते ड्रॉप्स. त्यांच्या १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. सुदैवाने एवढीशी बाटली पाहून आईला शंका आली व तिने आधी विचारले; अन्यथा बाळाच्या पोटात चौपटीहून अधिक मात्रा गेली असती. दोष बाटलीचा नव्हता, आईचाही नव्हता. तो माझ्या वाक्याचा होता.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण म्हणजे रुग्णालयांच्या दारी येऊन ठेपलेले ‘एआय एजंट’. हा एजंट केवळ उत्तरे देत नाही, कामेही करतो. त्यासाठी त्याच्या हाती सॉफ्टवेअरची साधने दिली जातात : एक रुग्णाची नोंद शोधणारे, दुसरे औषधाची मात्रा काढणारे, तिसरे अपॉइंटमेंट रद्द करणारे. साधनाच्या आतला प्रोग्रॅम एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते साधनाचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावयाची त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मुळे अशी साधने जोडण्याची एक सामायिक पद्धत उपलब्ध झाली, परंतु वर्णन नेमके लिहिण्याचे काम अशी कोणतीही पद्धत आपल्यासाठी करीत नाही.

‘वजनावरून मात्रा सांगते’ हे वर्णन पाहा. वजन किलोत की पौंडांत? उत्तर एका वेळेचे की दिवसभराचे? मिलिग्रॅममध्ये की मिलीत? नवा निवासी डॉक्टर अडला तर विचारील. एजंट मात्र पुष्कळदा अंदाज बांधून पुढे जातो. एककांच्या अशाच गफलतीने १९९९ मध्ये ‘नासा’चे मंगळयान ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नष्ट झाले. तेथे तर दोन्हीकडे निष्णात अभियंते होते.

याहून सूक्ष्म धोका रिकाम्या उत्तराचा. ॲलर्जीची नोंद शोधणारे साधन काहीच परत देत नसेल, तर त्याचा अर्थ काय? ‘ॲलर्जी नाही’ की ‘कोणी विचारलेच नाही’? पेनिसिलिन लिहिताना या दोहोंत जीवन-मरणाचे अंतर असते. वर्णनात स्पष्ट लिहिलेले हवे : ‘उत्तर रिकामे आल्यास नोंद उपलब्ध नाही असे समजावे, पालकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.’

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की रुग्णसेवेतील साधनांची वर्णने केवळ संगणकतज्ज्ञांवर सोडू नयेत. ती आपण वाचावीत, दुरुस्त करावीत. साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, प्रत्येक आकड्याचे एकक कोणते, ते नुसते वाचते की नोंदीत बदल करते, आणि चुकल्यास काय सांगते, एवढ्या गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. रात्रपाळीच्या नवख्या सहकाऱ्यासाठी आपण सूचना लिहितो, तीच दृष्टी येथे हवी.

कोणी म्हणेल, यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत, ती समजून घेतील. परंतु जे लिहिलेच नाही ते शहाण्यालाही कळत नाही. बडोद्यात आपण घरी मराठी, रुग्णाशी गुजराती आणि चिठ्ठीवर इंग्रजी वापरतो. आपण सांगितलेले आणि समोरच्याला समजलेले यांत किती अंतर पडते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. अर्थात स्पष्ट वर्णनाने सर्व साधते असेही नाही. कमाल मात्रा ओलांडू न देणारे कुलूप प्रोग्रॅममध्येच हवे आणि अखेरची सही डॉक्टरचीच हवी.

त्या दिवशी एका आईने विचारले, म्हणून एक बाळ वाचले. एजंट विचारीलच याची खात्री नाही. तेव्हा तिने जे विचारले, त्याचे उत्तर आपणच आधी लिहून ठेवले पाहिजे.