वेगळे ताट नको, भरलेले ताट हवे

घोडेगावच्या कांदा बाजारात गोण्या उचलणाऱ्या हमालाला हिपॅटायटिस सी झाला, की घरात दोन गोष्टी होतात. त्याचे ताट वेगळे होते आणि ‘कावीळ आहे’ म्हणून त्या ताटातून अंडी, मटण, कालवण गायब होते. उरतो उसाचा रस आणि कोरडी भाकरी. आमचा विरोध दोन्हींना आहे.

हा आजार रक्तातून पसरतो. सोबत जेवल्याने किंवा एका माठातले पाणी प्यायल्याने पसरत नाही. ज्यांच्या आजोबांनी हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा प्यायला, त्यांनी आपल्याच माणसाला वेगळे ताट द्यावे?

आता पथ्य. उपचारात शरीराला प्रथिने लागतात: अंडी, डाळ, मटकी, मासे, जमेल तेव्हा मटण. मांसाहार ‘तामसी’ ठरवणारा विचार हा डॉक्टरांचा सल्ला नव्हे. बंद करायची ती दारू आणि जडीबुटी. पोटात पाणी झाले असेल, तर मीठ किती हे डॉक्टरांनाच विचारावे.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. पण रोजगार बुडाल्यावर अंडी कशी आणायची? क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात. तोच हक्क हिपॅटायटिसच्या रुग्णाला का नाही? मित्रांनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडूया.

जय भीम!