यंत्र आणि गृहस्थ : परसांत उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा कार्बुरेटर

वस्तु वापरल्यानें झिजते हें खरें. पण न वापरतां पडून राहिल्यानें ती त्याहूनहि लवकर बिघडते, हा अनुभव प्रत्येक कुटुंबास आहे. पेटींतल्या वस्त्राला कसर लागते, कोनाड्यांतलें तांब्याचें भांडें काळवंडतें, आणि परसांत उभी केलेली मोटारसायकल दोन-चार पावसाळे उलटले कीं किकला दाद देत नाहीं. अशा गाडीचा रोग बहुधा कार्बुरेटरमध्यें असतो. या वेळीं त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका भगिनींच्या पत्राचें. त्यांच्या सासऱ्यांची बुलेट त्यांच्या निधनापासून पांच वर्षें आंब्याखालीं उभी आहे. थोरले दीर ती भंगारांत द्यावी म्हणतात, कॉलेजांत जाणारा मुलगा ती चालू करूं पाहतो, आणि यावरून घरांत रोज खटके उडतात. आमचें सांगणें एवढेंच, कीं हा निवाडा वादानें न करितां कार्बुरेटर उघडून करावा.

इंजिनाला नुसतें पेट्रोल चालत नाहीं. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें 14.7 भाग हवा मिळाली म्हणजे ज्वलन पूर्ण होतें. हें मिश्रण सिद्ध करणें कार्बुरेटरचें काम. अरुंद जागेंतून जातांना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो. बर्नूलीनें हें तत्त्व 1738 सालीं मांडलें आणि इटलींतील व्हेंचुरीनें 1797 सालीं नळ्यांतील प्रवाहावर आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वानें हवा पेट्रोलाला जेट नांवाच्या सूक्ष्म छिद्रांतून वर ओढून घेते. भारतांत 2020 च्या एप्रिलमध्यें भारत स्टेज 6 चे नियम लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलें. तथापि जुन्या गाड्यांचें जीवित अद्यापि या छिद्रांवरच अवलंबून आहे.

पेट्रोल सांठून राहिलें म्हणजे त्यांतील हलके अंश उडून जातात आणि उरलेल्या भागाचा हवेच्या संयोगानें डिंकासारखा चिकट थर बनतो. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें, पाणी तळाशीं जमतें, आणि धातूवर पांढरी भुकटी धरते. उघड्यावरील गाडींत आणखी एक उपद्रव असतो. हवेच्या वाटेंत कुंभारीण मातीचें घर बांधते, नाहींतर उंदीर फिल्टर कुरतडून ठेवतो. म्हणून ती वाट प्रथम पाहावी.

कामास आरंभ करण्यापूर्वीं एक गोष्ट कुटुंबांतील वडील माणसांनीं कटाक्षानें पाळावी. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत दूरवर पसरते. यास्तव हें काम उघड्या अंगणांतच करावें. जवळ शेगडी, देवापुढील निरंजन किंवा कोणाची विडी नसावी, आणि लहान मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. मुलाची हौस कितीहि स्तुत्य असली, तरी या बाबतींत सवलत नाहीं.

पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बुरेटर सोडवावा आणि उघडतांना प्रत्येक पायरीचें छायाचित्र घ्यावें. निघालेले भाग एका ताटांत क्रमानें मांडावे. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें आंत फिरवून किती फेरे बसतो तें लिहून ठेवावें. पितळेचा स्क्रू अडला तर जोर करूं नये. गंज सोडविणारें तेल टाकून रात्रभर वाट पाहावी.

आतां मुख्य मुद्दा. बुजलेल्या जेटमध्यें तार घालण्याचा मोह अनेकांस होतो. समजा, छिद्राचा व्यास 1 मिलिमीटर आहे आणि तारेनें तो 1.1 झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें छिद्र शेंकडा 21 नीं मोठें झालें! डोळ्यांस फरक दिसणार नाहीं, पण गाडी धूर ओकूं लागेल आणि दोष भलत्यालाच लागेल. कार्बुरेटर क्लीनर फवारून भाग भिजूं द्यावा, मग पंक्चरवाल्याकडील हवेच्या दाबानें छिद्र मोकळें करावें, आणि उजेडाकडे धरून तें पूर्ण गोल दिसतें कीं नाहीं हें पाहावें. न सुटल्यास नवा जेट घ्यावा. रबरी भाग मात्र या द्रवांत बुडवूं नयेत, ते फुगतात.

फ्लोट कानाशीं धरून हलवावा. आंत कांहीं हिंदकळलें तर तो फुटका समजावा. गॅस्केट, रबरी कड्या व फ्लोटची सुई नवीनच घालावी. जोडणी झाल्यावर थ्रॉटल सोडतांच स्लाइड टक् असा आवाज करून खालीं पडली पाहिजे. ती अडकत असेल तर इंजिन सुरूच करूं नये. बेफाम धांवणारी गाडी आवरणें कठीण.

इतकें करूनहि टाकी गंजलेली ठेवली तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! टाकीचा गंज आठ दिवसांत तींच छिद्रें पुन्हां बुजवील. म्हणून टाकी, कॉक व नळी धुऊन ताजें पेट्रोल भरावें.

यावरून निवाडा आपोआप होतो. कार्बुरेटरचें अंग आंतून खाऊन गेलें नसेल, टाकीला भोकें पडलीं नसतील आणि इंजिन हातानें फिरत असेल, तर ती गाडी भंगार नव्हे. तसें नसेल तर थोरल्या दिरांचें म्हणणें मुलानें मान खालीं न घालतां मान्य करावें. त्यांत आजोबांचा अनादर नाहीं. गाडी चालू झाली तरी 15 वर्षांवरील वाहनाची नोंदणी नवी करून व विमा उतरवूनच ती रस्त्यावर न्यावी. आणि यापुढें महिनाभर फिरवावयाची नसेल, तर कॉक बंद करून फ्लोटच्या वाटींतील पेट्रोल काढून टाकावें. दोन मिनिटांच्या या दक्षतेनें पुढल्या पिढीचे पुष्कळ श्रम वांचतात.