काडतुसाची टोपी कोणी निवडायची?

चंडीगडच्या सेक्टर ३० मध्ये डीआरडीओची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. आम्ही तिला टीबीआरएल म्हणतो. १९६१ साली आखली गेलेली ही संस्था, शेजारीच सीएसआयओ. चंडीमंदिरला पोस्टिंग झालं की हा भाग ओळखीचा होतोच. गोळी किंवा गोळा लक्ष्यावर पोचल्यावर काय करतो, हा टीबीआरएलचा मुख्य विषय. मोठ्या चाचण्या रामगडच्या रेंजवर होतात. गोळीच्या प्रवासाच्या शेवटाचा अभ्यास करायला इतका पसारा लागतो. मग सुरुवातीचं काय?

सुरुवात होते टोपीपासून. काडतुसाच्या बुडाशी बसवलेली धातूची ती चकती, म्हणजे प्रायमर. घोडा पडला, पिन टोपीवर आपटली, आतला मसाला पेटला, ज्वाळा छिद्रातून दारूपर्यंत गेली. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, आणि या टोपीनेही भल्याभल्यांना फसवलं आहे.

हे सुचायचं कारण माझा अमेरिकेतला भाचा. तिकडे घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे आणि त्याला मोठ्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा नाद आहे. २०२० नंतर तिकडे टोप्यांचा दुष्काळ पडला होता, तेव्हापासून हा प्रश्न तो अधूनमधून विचारतो: "मामा, पिस्तुलाची मॅग्नम टोपी नाही मिळाली, तर रायफलची चालेल का? माप तर एकच आहे."

माप एकच आहे, हे अर्धसत्य. मोठी पिस्तूल टोपी आणि मोठी रायफल टोपी, दोन्हींचा व्यास .२१० इंच. पण रायफलची टोपी उंचीला साधारण .००८ इंच जास्त, म्हणजे ०.२ मिलिमीटर. .४४ मॅग्नमच्या केसमध्ये ती बसवली तर बुडाच्या वर डोकं काढते. अशी टोपी सिलिंडर अडवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नको तेव्हा दणका खाते. शिवाय तिचा पत्रा जाड. स्प्रिंग हलकी करून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा तिला नीट फोडू शकत नाही.

धाकट्या मापात गोष्ट उलटी आहे आणि मला ती जास्त घातक वाटते. लहान पिस्तूल आणि लहान रायफल टोपीची उंची जवळपास सारखीच. .४५४ कासूलला लहान रायफल टोपी लागते, कारण त्याचा दाब ६५ हजार पीएसआयपर्यंत जातो; .४४ मॅग्नमचा ३६ हजार. तिथे पातळ पत्र्याची पिस्तूल टोपी घातली तर ती गुपचूप बसते, काही तक्रार करत नाही. मग दाबाखाली तिला भोक पडतं आणि गरम वायू पिनेच्या वाटेने मागे येतो. .५०० स्मिथ अँड वेसनची गंमत तर आणखी वेगळी. सुरुवातीच्या केसेस पिस्तूल टोपीच्या होत्या, नंतरच्या रायफल टोपीच्या. एकाच नावाचं काडतूस, दोन प्रकारचे खळगे. केस हातात घेऊन बघितल्याशिवाय टोपी ठरवायची नाही.

मॅग्नम टोपी कशासाठी? मोठ्या काडतुसात सावकाश जळणारी दारू भरपूर असते आणि ती पेटायला आळशी. थंडीत तर फारच. लडाखला हिवाळा काढलेल्याला हे समजावावं लागत नाही. तिथे स्टोव्हसुद्धा मनधरणी केल्याशिवाय पेटत नाही. म्हणूनच लष्करी दारूगोळा थंड आणि उष्ण कक्षात ठेवून मग फायर करून तपासतात.

टोपी कमजोर पडली तर कधी दारू उशिरा पेटते. रायफलवर राउंड मिस झाला तर उस्तादांनी शिकवलेलं आहे: नळी टार्गेटकडे, तीस सेकंद थांब. रिव्हॉल्व्हरवर घाईत दुसऱ्यांदा चाप ओढला तर सिलिंडर फिरतो, आणि ते सुस्त काडतूस आता नळीच्या समोर नसतं. ते पेटलं तर गोळीला बाहेर पडायला वाटच नाही. शेजारी उभ्या माणसाचा विचार करा.

म्हणून भाच्याला माझं उत्तर सरळ आहे. पुस्तकात जी टोपी लिहिली आहे तीच. टोपीची जात किंवा कंपनी बदलली, तर दारूचं माप पुन्हा खालून सुरू करायचं. ती टोपी नसेल तर तयार काडतूस विकत घे, किंवा त्या महिन्यात रेंजवर जाऊ नकोस. तो म्हणतो मामा फार फौजी आहे. असू दे.

आपल्याकडे हा प्रश्न घरात येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोजले जातात. आपली टोपी खडकीचा कारखाना निवडतो. तो १८६९ पासून हे काम करतो आहे, आणि पुण्यात राहून त्याची भिंत न पाहिलेला माणूस विरळा. सैनिक मॅगझिन भरताना टोपीचा विचार करत नाही, कारण तो विचार आधीच कोणीतरी केलेला असतो: लॉट पाडून, नमुने काढून, फायर करून. एखाद्या लॉटची शंका आली तर तो लॉट बाजूला काढता येतो. घरच्या टेबलावर भरलेल्या पन्नास काडतुसांचा लॉट नंबर कोणाकडे असतो?

नेमबाजीतले काही मित्र म्हणतात, स्पर्धेच्या खेळाडूंना भारतातही स्वतः काडतुसं भरू द्यावीत, आयात महाग पडते. मला ही मागणी गैर वाटत नाही. पण ते काम क्लबात व्हावं, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, कुठल्या डब्यातली टोपी कुठल्या तारखेला वापरली याची वही ठेवून. आणि वहीत न लिहिलेलं काडतूस रेंजवर कोणी आणलं, तर रेंज ऑफिसरने ते तिथेच जमा करून घ्यावं, आणणारा कितीही मोठा पदकविजेता असो.