सत्तेला फौजदारी अभय नको

राज्यकर्त्यावर फौजदारी खटला भरू दिला, तर न्यायाच्या नावाखाली राजकीय सूड उगवला जातो, हा अभयाच्या समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मराठी इतिहासात त्याला पुरावाही सापडतो. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग करवला, असा आरोप ठेवून 1875 मध्ये सहा जणांच्या आयोगापुढे त्यांची चौकशी झाली. तिघा इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी धरले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना मात्र आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही ब्रिटिश सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना गादीवरून काढले आणि मद्रासला धाडले. हा अन्यायच होता. पण तो चौकशी झाली म्हणून घडला का? आरोप ठेवणारे सरकार, आयोग नेमणारे सरकार आणि आयोगात फूट पडल्यावर निकाल लावणारेही तेच सरकार! मल्हाररावांना स्वतंत्र न्यायालय मिळाले नाही. यावरून न्यायालय स्वतंत्र हवे एवढेच सिद्ध होते. राज्यकर्ता न्यायालयाच्या वर हवा हे नव्हे.

खटल्याने कारभार कोलमडतो, हे म्हणणे त्याच बडोद्याने खोटे पाडले. मल्हाररावांनंतर तिथे दिवाण म्हणून आले ते सर टी. माधवराव, 1828 मध्ये कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी गृहस्थ. 1882 पर्यंत त्यांनी विस्कटलेल्या राज्याची घडी बसवली. माधवरावांच्या याच तमिळ मुलखाच्या मुख्यमंत्री जयललिता यांना 27 सप्टेंबर 2014 रोजी बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात चार वर्षांची कैद आणि 100 कोटींचा दंड झाला. दोन दिवसांत ओ. पन्नीरसेल्वम यांचा शपथविधी होऊन सरकार चालू राहिले. या खटल्यातून खरा धडा मिळतो तो वेगळाच. आरोप 1991 ते 1996 या काळातले होते. 2001 मध्ये जयललिता पुन्हा सत्तेवर आल्या, अनेक साक्षीदारांना परत बोलावण्यात आले आणि त्यांनी जबाब फिरवले. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये खटला बंगळुरूला हलवला. 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर जयललितांचे निधन झाले होते आणि त्यांच्यापुरते अपील संपुष्टात आले होते. कायद्याने न दिलेले अभय विलंबाने दिले. सुडाची भीती खरी मानली, तर तिच्यावर उपाय आहेत: खटला दुसऱ्या राज्यात हलवणे, स्वतंत्र सरकारी वकील, ठरलेली मुदत.

आता राहिला खटल्याच्या भीतीने राज्यकर्त्याचे निर्णय घेण्याचे धैर्य खचते, हा मुद्दा. 18 फेब्रुवारी 1992 रोजी कुंभकोणमच्या महामहम तीर्थावर जयललिता स्नानाला आल्या असताना चेंगराचेंगरीत जवळपास 50 माणसे मेली. अशा दुर्घटनेनंतर चौकशी झालीच पाहिजे, पण चुकलेला प्रत्येक बंदोबस्त मुख्यमंत्र्याचा गुन्हा ठरत नाही, हे मी मान्य करतो. गुन्ह्याला हेतू किंवा अक्षम्य बेपर्वाई सिद्ध व्हावी लागते आणि लोकसेवकावर खटला भरण्याआधी मंजुरीची अटही आहे. प्रामाणिक निर्णयाला हे कवच पुरते. त्याहून मोठे कवच मागणाऱ्याला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे?

आपल्या घटनेच्या 361व्या कलमाने राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे, तेही पदावर असेपर्यंतच. पंतप्रधानांना ते नाही. आणीबाणीत, ऑगस्ट 1975 मध्ये, पंतप्रधानांनाही त्यात घेऊन हे संरक्षण आजन्म करणारे 41वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेने मंजूर केले होते. ते लोकसभेपर्यंत पोहोचले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 जुलै 2024 रोजी माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांसाठी व्यापक अभय दिल्यापासून राज्यकर्त्यांना अभय देण्याच्या मागणीला नवे बळ मिळाले आहे. उद्या ती कोणत्याही पक्षाने आपल्या संसदेत आणली, तर वाचकांनी आपल्या खासदाराला विरोधात मत द्यायला भाग पाडावे, मग तो खासदार त्यांच्या आवडत्या पक्षाचा का असेना.